वसईच्या ख्रिस्ती तीर्थस्थळांची एक दिवसाची सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईच्या खाडीपासून वैतरणेच्या मुखापर्यंत पसरलेल्या किनारपट्टीवर केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमधून फिरताना दर दोन-तीन किलोमीटरवर एखादे चर्च दिसते. या पट्ट्यातील निवडक चर्च आणि वसईचा किल्ला एका दिवसात, स्थानिक मार्गदर्शकासोबत पाहण्याच्या सहलीविषयी आमच्याकडे जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : या सहलीत नेमके काय पाहायला मिळते?

सहलीचे दोन भाग आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पहिल्या भागात आपण नांदत्या चर्चमध्ये जातो. तेथे आजही रोज सकाळी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामुदायिक उपासना) होते, बारशापासून अंत्यविधीपर्यंत गावाचे सारे कार्य चालते आणि मागच्या अंगणात मुले खेळत असतात. पापडीचे कॅथेड्रल, रमेदीचे चर्च आणि वेळेनुसार निर्मळ किंवा नंदाखाल ही आमची नेहमीची ठिकाणे. दुसऱ्या भागात आपण किल्ल्यात जातो. तेथील चर्चना छप्पर नाही, वेदी नाही, घंटा नाही. आहेत त्या उंच भिंती, कमानी आणि जमिनीत बसवलेल्या समाधिशिला.

एकाच समाजाची ही दोन रूपे एकाच दिवशी पाहावीत, असा आमचा आग्रह असतो. केवळ किल्ला पाहून परतणाऱ्याला वसईचा ख्रिस्ती धर्म म्हणजे पोर्तुगिजांनी मागे टाकलेली एक गोष्ट वाटते, आणि केवळ गावातील चर्च पाहणाऱ्याला त्यामागची जवळजवळ पावणेपाचशे वर्षे दिसत नाहीत.

प्रश्न : सहल कोठून सुरू होते आणि किती वेळ चालते?

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकाबाहेर, पश्चिमेकडे, सकाळी साडेसात वाजता आपण जमतो. चर्चगेटहून किंवा दादरहून विरार लोकलने येणे सर्वांत सोपे पडते. तेथून पुढचा प्रवास छोट्या बसने होतो. स्थानकापासून किल्ला साधारण सात किलोमीटरवर आहे. पापडी आणि रमेदी त्या वाटेवर लागतात. दुपारनंतर आपण उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे परतीची गाडी वसई रोडऐवजी नालासोपाऱ्याहून पकडावी लागते, हे परतीचे नियोजन करताना लक्षात ठेवावे.

भाईंदरच्या बाजूने स्वतःचे वाहन घेऊन येणाऱ्यांसाठी २०२४ पासून वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली आहे. वसईची जेट्टी किल्ल्याच्या अगदी लगत आहे. मात्र बोटीचे वेळापत्रक आदल्या दिवशी तपासूनच निघावे.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. आम्ही आलो तर चालेल का?

चालेल. आमच्यासोबत येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेच बहुधा अधिक असतात. वसईच्या चर्चच्या दारात कोणी कोणाचा धर्म विचारत नाही, आणि आसपासच्या गावांतील हिंदू कुटुंबेही सणाच्या दिवशी मेणबत्ती लावायला येतात.

प्रश्न : चर्चमध्ये कसे वागावे? पादत्राणे काढावीत का?

देवस्थानात शिरताना मराठी माणसाचे पाय दारातच थबकतात आणि हात चपलेकडे जातो. कॅथलिक चर्चमध्ये पादत्राणे काढण्याची प्रथा सहसा नाही. बाकांच्या रांगांमध्ये चपला-बूट घालून बसले तरी त्यात अनादर मानला जात नाही. तरीही कोणी काढून ठेवली तर त्यालाही कोणी हसत नाही. पुरुषांनी डोक्यावरची टोपी मात्र आत जाताना काढावी.

प्रवेशद्वाराशी पवित्र पाण्याचे पात्र असते. ख्रिस्ती व्यक्ती त्यात बोट बुडवून स्वतःवर क्रूसाची खूण करते. इतरांनी ते तीर्थ समजून प्राशन करू नये. हे सांगावे लागते, कारण तसे अनेकदा घडलेले आहे आणि त्यात प्राशन करणाऱ्याचा भाव चांगलाच असतो. वेदीभोवतीचा उंचावरचा भाग उपासनेसाठी राखीव असतो; तेथे छायाचित्रासाठी चढू नये.

छायाचित्रे काढण्यास बहुतेक ठिकाणी हरकत नसते, पण उपासना चालू असताना काढू नयेत. याबाबतीत आमच्या हातून झालेली एक चूक येथे नोंदवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावातील चर्चमध्ये आगाऊ न कळवता पंचवीस जणांचा गट नेला. आत अंत्यविधीची मिस्सा चालू होती. पुढच्या चौघांनी मोबाइल वर धरले, आणि शेवटच्या बाकावरच्या एका आजींनी मागे वळून नुसते पाहिले. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक चर्चच्या कार्यालयात दोन दिवस आधी कळवतो आणि गट अठराच्या वर जाऊ देत नाही.

प्रश्न : मिस्सेला बसता येईल का? ती आम्हाला समजेल का?

बसता येईल, आणि समजेलही, कारण ती मराठीत असते. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळापर्यंत, जगभरच्या रोमन कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यानंतर स्थानिक भाषांना वाट मोकळी झाली. वसईत ती जागा मराठीने घेतली. लॅटिन मिस्सेत अर्थ न कळताही अचूक उत्तरे देणारी पिढी अजून काही घरांत आहे, आणि योग आला तर त्यांच्याशी बोलणे हा सहलीतील सर्वांत मोलाचा अर्धा तास ठरतो.

मुंबईहून आलेल्या मराठी माणसाला येथे एक सुखद धक्का बसतो. उपदेश चालू असतो तो शुद्ध, काहीशा ग्रांथिक मराठीत. मिस्सा संपून लोक बाहेर आले की बायामाणसे आपापसांत कादोडी किंवा वाडवळी बोलू लागतात, आणि तीही मराठीचीच रूपे असूनही पाहुण्याला पहिल्या फटक्यात कळत नाहीत. याच पट्ट्यातील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. एका कॅथलिक धर्मगुरूची त्या पदावर निवड झाल्याचे ज्यांना तेव्हा नवल वाटले, त्यांनी वसईतील एक रविवार पाहिलेला नव्हता, इतकेच म्हणावेसे वाटते.

मिस्सेत लोक ठरावीक वेळी उभे राहतात, बसतात, गुडघे टेकतात. इतरांसोबत उभे राहणे शिष्टाचाराचे आहे. गुडघे टेकण्याची अपेक्षा नसते. एका बाबतीत मात्र नियम काटेकोर आहे. मिस्सेच्या उत्तरार्धात लोक रांगेने पुढे जातात आणि धर्मगुरू त्यांना पातळ, पांढरी, गोल भाकर देतात. तिला कम्युनियन म्हणतात. तो प्रसाद नव्हे. कॅथलिक श्रद्धेनुसार ते ख्रिस्ताचे शरीर असते आणि ते केवळ विधिवत दीक्षा घेतलेल्या कॅथलिकांनीच स्वीकारायचे असते. त्यावेळी आपल्या बाकावर शांत बसून राहावे. त्यात कोणाचाही अपमान होत नाही.

प्रश्न : संत गोन्सालो गार्सिया कोण?

सहलीतील हा मध्यवर्ती विषय असल्याने त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज आणि आई येथलीच. किल्ल्यातील जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या, धर्मगुरूंच्या देखरेखीखाली त्यांचे बालपण गेले आणि तरुण वयात ते त्यांच्यासोबत जपानला गेले. तेथे ते जपानी भाषा उत्तम शिकले. जेझुइट संघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्यांनी व्यापार केला आणि त्यात यशही मिळवले. परंतु मन रमेना म्हणून फिलिपिन्समधील मनिला येथे जाऊन ते फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो सोबत होते.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली आणि ख्रिस्ती धर्मप्रसारकांची धरपकड झाली. क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारले गेले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा सामान्य ख्रिस्तजन होते. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केले आणि पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संतपद बहाल केले.

त्यामुळे भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत हा मान वसईकडे येतो. केरळच्या संत अल्फोन्सा यांना २००८ मध्ये संतपद मिळाले, तेव्हा ‘पहिल्या भारतीय संत’ असा उल्लेख अनेक ठिकाणी झाला आणि वसईकर थोडे हिरमुसले. अल्फोन्सा या पहिल्या भारतीय स्त्री संत होत, असे म्हटले की दोन्ही बाजूंचे समाधान होते. गोन्सालोंच्या वडिलांचे पोर्तुगीज असणे पुढे करून कोणी वाद घातलाच, तर मार्गदर्शक त्यांच्या आईकडे बोट दाखवतो.

प्रश्न : किल्ल्यात कोणती चर्च आहेत? ती अजूनही पवित्र मानली जातात का?

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढच्या काळात तटबंदीच्या आत केवळ लष्करी ठाणे नव्हे, तर एक पूर्ण शहर उभे राहिले आणि निरनिराळ्या धर्मसंघांनी आपापली चर्च आणि मठ बांधले. संत फ्रान्सिस झेवियर त्याच शतकात वसईत येऊन गेले होते. आज फिरताना चार वास्तू प्रामुख्याने दाखवल्या जातात.

पहिली सेंट जोसेफचे कॅथेड्रल. ते १५४६ चे असून गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांच्या काळात, १६०१ मध्ये, त्याचा विस्तार झाला. त्याचा घंटामनोरा दुरूनही ओळखू येतो. दुसरी जेझुइटांची वास्तू; स्तंभांनी सजलेली तिची दर्शनी भिंत किल्ल्यातील सर्वांत देखणी आहे आणि गोन्सालोंशी असलेल्या नात्यामुळे वसईकर तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. तिसरी फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनी चर्च. येथे जमिनीवर ओळीने समाधिशिला आहेत आणि त्यांवर पोर्तुगीज अक्षरे व घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. पाऊल पाहून टाकावे. चौथी डॉमिनिकनांची वास्तू, जिच्या भिंतींवर आता वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत.

पवित्र मानली जातात का, याचे उत्तर ज्याला विचाराल त्याच्यावर अवलंबून आहे. कायद्याच्या दृष्टीने ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील संरक्षित वास्तू आहे. परंतु गोन्सालोंच्या सणाला वसईचे ख्रिस्ती लोक किल्ल्यातील त्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये जमतात आणि उघड्या आकाशाखाली मिस्सा होते. तो दिवस ज्याने पाहिला, तो पुन्हा त्या भिंतींना नुसते अवशेष म्हणत नाही. इतर दिवशी तेथे लग्नापूर्वीची छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते, आणि समाधिशिलेवर बैठक मारून खाणारेही भेटतात. आमच्या गटाने तसे करू नये, एवढेच आम्ही पाहतो. किल्ल्यात मेणबत्त्या लावणे, भिंतींवर चढणे किंवा दगड उचलून नेणे यांस मनाई आहे.

प्रश्न : मराठ्यांनी किल्ला जिंकल्यावर ख्रिस्ती लोकांचे काय झाले? आणि चर्चच्या घंटांचे?

चिमाजी अप्पांच्या फौजेने दीर्घ वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये वसई जिंकली. पोर्तुगीज सैन्य आणि अधिकारी निघून गेले. किल्ल्यातील शहर हळूहळू ओस पडले आणि त्यातील चर्च मोडकळीला आली. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. युरोपीय धर्मगुरू गेले, त्यांच्या जागी गोव्याकडचे देशी धर्मगुरू आले आणि गावोगावची उपासना चालू राहिली. किल्ल्यातील चर्च मेली आणि वाड्यांमधील जगली, याचे कारण एवढे साधे आहे की किल्ल्यातली माणसे परकी होती आणि वाड्यांमधली येथलीच होती; त्यांना जाण्यासाठी दुसरा देश नव्हता.

घंटा मात्र गेल्या. विजयाची खूण म्हणून मराठा सरदारांनी त्या आपापल्या मुलखात नेऊन देवालयांना अर्पण केल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा, वाईजवळ मेणवलीची घंटा आणि भीमाशंकरची घंटा या त्यांतील सर्वांच्या माहितीच्या. मेणवलीच्या घंटेवर मरिया आणि बाळ येशू यांची आकृती स्पष्ट दिसते. नाशिकचे गट आले की त्यांना हे आवर्जून सांगितले जाते, कारण ‘नारोशंकराची घंटा’ त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते आणि ती कोठून आली हे अनेकांना ठाऊक नसते. ‘परत मागणार का?’ असा प्रश्न मग कोणीतरी गमतीने विचारतोच. आमच्या मार्गदर्शकाचे ठरलेले उत्तर असे, की तिकडेही ती देवासमोरच वाजते आहे.

प्रश्न : येथील लोकांचे धर्मांतर जबरदस्तीने झाले होते का?

हा प्रश्न बसमध्ये हलक्या आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर येथे उघडपणे देणे बरे. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली गेली, ख्रिस्ती होणाऱ्यांना सवलती आणि न होणाऱ्यांवर निर्बंध अशी धोरणे राबवली गेली, आणि १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाचा धाक वसईपर्यंत पोहोचत होता. त्याचबरोबर धर्मप्रसारकांच्या शाळा, रुग्णसेवा आणि उपदेश यांमुळे स्वेच्छेने आलेलेही होते. एकेका कुटुंबाच्या बाबतीत नेमके काय घडले, हे आज सांगता येत नाही, आणि मार्गदर्शक तसे सांगण्याचा आव आणत नाही.

एवढे मात्र दिसते की १७३९ नंतर पोर्तुगिजांचे बळ पाठीशी राहिले नाही, तरी या गावांनी धर्म सोडला नाही. त्यांनी शेती, बोली, नात्यांची नावे आणि लाल लुगडे हेही सोडले नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी या जातीसमूहांच्या जुन्या ओळखी ख्रिस्ती समाजातही टिकून आहेत. लोपीस, परेरा, डाबरे, रॉड्रिग्ज ही आडनावे ऐकून ‘म्हणजे तुम्ही बाटलेले का?’ असे यजमानांना विचारणारे पाहुणे आम्हाला भेटले आहेत. तो शब्द कृपया घरी ठेवून यावा.

प्रश्न : मेणबत्ती लावता येईल का? नवस बोलता येतो का?

नांदत्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावण्याची जागा ठरलेली असते. तेथे कोणीही लावू शकतो. फुलेही वाहता येतात. नारळ मात्र फोडत नाहीत. रमेदीचे चर्च आरोग्यदायिनी मरियेला वाहिलेले आहे. ‘रेमेडिओस’ या पोर्तुगीज शब्दावरूनच गावाचे नाव रमेदी पडले, असे सांगतात. आजारी माणसासाठी प्रार्थना करायला लोक येथे दुरून येतात.

नवसाचा विषय निघाला की अनेकांना वांद्र्याची मोतमाउली आठवते. माउंट मेरीच्या टेकडीवर ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. मेणाचे हात, पाय, बाळ, घर असे आकार वाहून तेथे गाऱ्हाणे घातले जाते, आणि त्या रांगेत सर्व धर्मांचे लोक असतात. वसईच्या चर्चमध्ये तितका बाजार नसतो. आम्हाला विचाराल, तर ज्यांना निवांत बसायचे आहे त्यांनी वसईत यावे आणि ज्यांना जत्रा अनुभवायची आहे त्यांनी सप्टेंबरात वांद्र्याला जावे.

प्रश्न : निर्मळला चर्चसोबत देऊळही दाखवता, ते का?

निर्मळ हे गाव दोघांचेही तीर्थ आहे, म्हणून. तेथे तळ्याकाठच्या टेकडीवर एका शंकराचार्यांची समाधी आहे आणि कार्तिकात मोठी यात्रा भरते. त्याच गावात होली क्रॉस चर्च आहे. यात्रेत सुकेळी (वाळवलेली केळी) विकणाऱ्या बायका ख्रिस्ती असणे यात निर्मळला काही वेगळे वाटत नाही. पाहुण्यांनाच वाटते.

प्रश्न : कोणत्या महिन्यात यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. डिसेंबरात घराघरांपुढे येशूजन्माचे गोठे सजतात आणि नाताळचा फराळ चालू असतो. फेब्रुवारीत गोन्सालोंचे स्मरण असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत प्रायश्चित्तकाळ असतो. त्या दिवसांत चर्चमधील सजावट उतरवलेली असते, गाणी संथ असतात, लग्ने सहसा होत नाहीत. काहींना हे फिके वाटेल. आमच्यातील एक मार्गदर्शक मात्र आपल्या घरच्यांना याच काळात घेऊन येतो. शुभ शुक्रवारी आणि ईस्टरच्या आठवड्यात आम्ही सहल नेत नाही, कारण त्या दिवशी चर्च गावाचे असते.

जून ते सप्टेंबर किल्ल्याचा भाग आम्ही वगळतो. गवत कमरेएवढे वाढते, शेवाळाने दगड निसरडे होतात आणि साप निघतात. पावसाळ्यात हिरवा किल्ला सुंदर दिसतो हे खरे. तो दर्या दरवाजाच्या रस्त्यावरून पाहावा.

प्रश्न : वयस्कर मंडळींना झेपेल का?

गावातील चर्चना बस दारापर्यंत जाते. किल्ल्यात मात्र दीड-दोन तास उंचसखल वाटेने, बराचसा उन्हात, चालावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जेझुइट चर्चपर्यंत येऊन सावलीत थांबावे. गट परतताना त्यांना सोबत घेतो. चाकाच्या खुर्चीने किल्ल्याच्या आतील वास्तूंपर्यंत जाता येत नाही. किल्ल्यात स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नये. त्यासाठी आम्ही पापडीला आणि जेवणाच्या ठिकाणी थांबतो.

प्रश्न : जेवणाचे काय?

दुपारचे जेवण एका स्थानिक कुटुंबाच्या ओटीवर असते. मासळीचे कालवण, भात, तांदळाची भाकरी आणि वाडीतली भाजी असा बेत असतो. शाकाहारी मंडळींसाठी वेगळ्या भांड्यांत स्वयंपाक होतो, मात्र तसे दोन दिवस आधी सांगावे लागते. प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी यजमानांच्या घरी मटण-कोंबडी शिजत नाही; त्या दिवशी तसा आग्रह धरू नये.

प्रश्न : पोशाख कसा असावा?

खांदे आणि गुडघे झाकणारा, सुती. सोबत टोपी, पाण्याची बाटली आणि घट्ट बसणारी पादत्राणे असावीत.

प्रश्न : मार्गदर्शक धर्मगुरू असतात का? ते धर्मप्रचार करतात का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. मार्गदर्शक याच गावांतील असतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी शेतकरी. ते आपली श्रद्धा लपवत नाहीत आणि ती कोणावर लादतही नाहीत. एखाद्या चर्चचे फादर मोकळे असतील तर दहा मिनिटे बोलायला येतात, पण त्याची हमी देता येत नाही. वसईच्या धर्मप्रांतात गावे मोठी आणि कामे पुष्कळ आहेत. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन हा धर्मप्रांत झाला आणि पापडीचे चर्च त्याचे कॅथेड्रल ठरले. ‘कॅथेड्रल’ म्हणजे सर्वांत मोठे चर्च असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ज्या चर्चमध्ये बिशपांचे आसन असते ते कॅथेड्रल, मग त्याचा आकार कितीही असो.

प्रश्न : आम्ही रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात राहतो. जवळ काही आहे का?

आहे. अलिबागजवळ रेवदंड्याच्या कोटात जुन्या चर्चचे अवशेष आहेत आणि खाडीपलीकडे कोर्लईच्या गडाखालील वस्तीत पोर्तुगीज मिसळलेली एक निराळी बोली आजही बोलली जाते. तेथील चर्च माउंट कार्मेलच्या मरियेचे आहे. ही दोन्ही ठिकाणे अर्ध्या दिवसात होतात. सावंतवाडीला मिलाग्रिस चर्च आहे आणि २००५ पासून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. सावंतवाडीहून जुन्या गोव्याला जाऊन एका दिवसात परत येता येते. बॉम जेझू बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव ठेवलेले आहे आणि ३ डिसेंबरला त्यांचा सण असतो. त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणार नाही, असे समजूनच निघावे. या सहली आम्ही नेत नाही.

प्रश्न : शाळेचा गट आणता येईल का?

आणता येईल, इयत्ता सातवीपासून पुढे. मुलांना समाधिशिलांवरील अक्षरे कागदावर उतरवून घेऊ देतो, पण शिलेवर कागद ठेवून पेन्सिल घासू देत नाही. शिक्षकांनी आदल्या तासाला चिमाजी अप्पांची मोहीम शिकवून आणली, तर मुलांचे प्रश्न फार चांगले येतात.

प्रश्न : परतीची वेळ काय? उशीर होतो का?

नालासोपारा स्थानकावर संध्याकाळी साडेपाचपर्यंत सोडतो. शनिवारी कधी सहा वाजतात, कारण त्या दिवशी रविवारची मिस्सा आदल्या संध्याकाळीच ऐकण्यासाठी लोक चर्चकडे निघालेले असतात आणि निर्मळच्या अरुंद रस्त्यावर बस अडकते. सुकेळी घ्यायची असल्यास दुपारी जेवणाच्या ठिकाणीच सांगून ठेवावे. स्थानकाकडे जाताना बस मध्ये थांबत नाही.